तारवाला डॉक्टर आणि भांगेचा पेला

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मला टॉपिक मिळाला, भारतातल्या टेलिग्राफचा इतिहास. मैत्रिणी हसल्या. एकीला फायबर ऑप्टिक्स, दुसरीला सॅटेलाइट, आणि मला काय, तर तार! जुलै २०१३ मध्ये आपल्या देशात तारसेवा बंदसुद्धा झाली. पण लायब्ररीत जाऊन बसले आणि पहिल्याच प्रश्नाला गंमत झाली. भारतात तार कोणी उभारली? मला वाटलं, कोणीतरी मिशीवाला इंग्रज इंजिनीअर असेल. तर तो निघाला आयरिश डॉक्टर! आणि हा डॉक्टर तारेच्या आधी कशासाठी प्रसिद्ध होता माहितीये? भांग आणि गांजावरच्या प्रयोगांसाठी!

त्याचं नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी. सेमिनार तारेवर दिला, पण माणूस डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना मध्येच इंग्रजी शब्द डोकावतील, सांभाळून घ्या.

बावीस वर्षांचा असताना

ओशॉनेसीचा जन्म १८०९ सालचा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिंबरोहून १८२९ मध्ये तो डॉक्टर झाला आणि लंडनला आला. पण लंडनमध्ये प्रॅक्टिस करायचं लायसन्स काही त्याला मिळेना. मग पठ्ठ्याने केमिस्ट्रीची वाट धरली. विषं शोधायची, पदार्थ तपासायचे. लहान मुलांच्या रंगीत मिठाया तपासून त्यांत शिसं आणि तांब्याचे विषारी रंग घालतात हे त्याने दाखवलं. जे सगळे बिनधास्त खातात, त्यात नेमकं काय आणि किती आहे, हे बघायची सवय त्याला तेव्हापासूनची.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुंदरलंडला कॉलरा आला. त्या काळी कॉलऱ्याच्या रोग्याचं रक्त काढणं हा एक उपाय समजला जाई. आधीच सुकलेल्या माणसाचं आणखी रक्त काढायचं! ओशॉनेसीने तिथे जाऊन रोग्यांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातायत, हे त्याला दिसलं. मग जे गेलं ते परत भरा, असं त्याने लिहिलं. १८३२ मध्ये थॉमस लाट्टा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने खरोखरच रोग्यांच्या शिरेतून क्षाराचं पाणी चढवलं आणि काही जण वाचलेही. आज आपण सहज म्हणतो ना, सलाइन लावलं, त्याची मुळं इथे आहेत. तेव्हा ओशॉनेसीचं वय होतं बावीस. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं!

कलकत्त्यातले प्रयोग

१८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा असिस्टंट सर्जन म्हणून कलकत्त्याला आला. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं, तिथे तो केमिस्ट्री शिकवू लागला. बाजारात बघतो तर काय, भांग घोटतायत, गांजा ओढतायत, माजूम नावाची वडी खातायत. वैद्य म्हणतात औषध आहे, हकीम म्हणतात औषध आहे, आणि साहेब लोक म्हणतात, हे वेडं करणारं विष आहे. ह्यातलं खरं काय?

दुसरा कोणी असता तर त्याने दोन्हींपैकी एक बाजू धरून भाषण ठोकलं असतं. ओशॉनेसी आधी विचारायला गेला. एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार, मेडिकल कॉलेजचे पंडित मधुसूदन गुप्त आणि फारसी जाणणारे हकीम ह्यांच्याकडून त्याने जुन्या ग्रंथांतली माहिती घेतली, आणि त्यांची नावंही लेखात छापली. भांग कशी करतात तेही सगळं लिहून काढलं. पानं धुवायची, वाटायची, मिरी, काकडीचं बी, साखर, दूध... सरावलेल्या माणसाला जेवढी लागते त्याच्या निम्मी नवख्याला पुरते, हेसुद्धा त्याने नोंदवलं. ही निम्मीची नोंद विसरू नका, पुढे कामाला येईल.

मग प्रयोग. पहिला मान मिळाला एका कुत्र्याला. दहा ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त नेपाळी चरस त्याला दिला. अर्ध्या तासात कुत्रा पेंगायला लागला, मधेच दचकून उठायचा, खूश होऊन शेपूट हलवायचा, अन्नावर तुटून पडला आणि हाक मारली तर झोकांड्या खात आला. सहा तासांनी पुन्हा ठणठणीत! नंतर बऱ्याच प्राण्यांवर प्रयोग झाले. मांस खाणाऱ्या प्राण्यांना नशा चढते, गवत खाणाऱ्यांना फारशी चढत नाही, असं त्याने लिहिलं.

मग माणसं. संधिवाताच्या तीन रोग्यांना त्याने दुपारी दोन वाजता प्रत्येकी एक ग्रेन राळ दिली. चारच्या सुमारास एक जण बडबडायला लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला. सहाला झोपला. आठ वाजता बघतात तर बेशुद्ध! हात वर केला तर वरच राहतोय, पाय वाकवला तर तसाच. रात्री एकच्या पुढे तो हळूहळू सावरला. दुसरा एखादा ही गोष्ट लपवून ठेवता. ओशॉनेसीने तासागणिक छापली आणि पुढच्या रोग्यांचे डोस कमी केले.

धनुर्वातात स्नायू लाकडासारखे ताठरतात. भांगेच्या अर्काने ते सैल पडतात आणि काही रोगी वाचतात, असं त्याला दिसलं. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक जण वाचला नाही, पण त्याच्या शेवटच्या दिवसांतल्या यातना कमी झाल्या, त्याला थोडं गिळता येऊ लागलं. आणि एक चाळीस दिवसांची मुलगी होती, तिला झटके येत. तिला थेंबाथेंबाने अर्क दिला. झटके थांबले, परत आले, डोस वाढवत न्यावा लागला, पण शेवटी ती बरी झाली.

हे सगळं १८३९ सालच्या त्याच्या निबंधात आहे. त्यात फायद्याबरोबर इशारेही आहेत. जास्त आणि सतत घेतली तर भ्रम होतो, माणूस भलतंसलतं बरळतो, हेही त्याने लिहिलं. डॉक्टरांना त्याचा सल्ला होता, लहान डोसने सुरुवात करा.

पेल्यातली केमिस्ट्री

आता थोडं आपल्या काळाकडे. आजकाल गांजाच्या चहाचं फार कौतुक ऐकू येतं. झोप लागते, दुखणं कमी होतं, टेन्शन जातं, नॅचरल आहे, धूर नाही म्हणजे फुप्फुसांना त्रास नाही. ह्यात थोडं खरं आहे. पण ओशॉनेसीच्या प्रयोगशाळेतच एक गोष्ट दिसून येते. त्याने औषध पाण्यात केलं नाही, स्पिरिटमध्ये केलं. कारण ही राळ पाण्यात विरघळतच नाही! नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, नेमकं कसं असतं ते १९६४ मध्ये इस्रायलच्या मेशूलम आणि गाओनी ह्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ते फॅटमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. शिवाय कच्च्या पानात ते ॲसिडच्या रूपात असतं, त्याने नशा येत नाही. उष्णतेने त्याचं रूप बदलतं, आणि चहाच्या उकळीला ते थोडंसंच बदलतं. त्यामुळे नुसत्या पाण्यातला चहा बऱ्याचदा फुसका निघतो आणि दूध-तुपाचा जोरदार. एकच पान, एकच पातेलं, पण दोन पेल्यांत जमीन-अस्मानाचा फरक!

दुसरी भानगड वेळेची. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो. प्यायलेला आधी पोटात, मग लिव्हरमध्ये जातो. तिथे टीएचसीचं आणखी एक नशा आणणारं रूप तयार होतं. असर यायला अर्ध्यापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. कंट्रोल सिस्टीम्सच्या भाषेत सांगायचं तर हा टाइम डिले असलेला फीडबॅक आहे, आणि असा लूप अनस्टेबल कसा होतो ते आपण सगळे शिकलोय.

मी हे प्रत्यक्ष बघितलंय. एका धुळवडीला आमच्या ओळखीच्या एका मुलाने थंडाईचा एक पेला घेतला. अर्धा तास काही झालं नाही. ह्यात काही दम नाही म्हणून त्याने आणखी दोन घेतले. संध्याकाळी त्याचं काळीज इतकं धडधडत होतं, की आपण मरतोय असं तो ओरडत होता. आपल्या आईला कोणीतरी फोन करा, एवढंच सारखं म्हणत होता. रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी तो बरा झाला, पण पेला कोणी केला, त्यात किती होतं, ह्याचं उत्तर डॉक्टरांना आमच्यापैकी कोणीच देऊ शकलं नाही. त्यानंतर वर्षभराने मी ओशॉनेसीच्या त्या रोग्याबद्दल वाचलं. दोनला डोस, चारला बडबड, आठला बेशुद्ध. अगदी तोच ग्राफ!

आपल्या वयाला धोका जास्त आहे. मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. लहान वयापासून नेहमी घेणाऱ्यांत स्मरणशक्तीचा त्रास दिसतो, आणि घरात कोणाला सायकोसिस असेल तर तो आजार उफाळायची भीती वाढते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर लांबच राहावं. आणि पिऊन बाइक चालवणं म्हणजे आत्महत्याच. कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं, म्हणजे भांग, त्याच्या व्याख्येत नाही, ती राज्यांच्या नियमांवर सोडली आहे. महाराष्ट्रात तिला परवाना लागतो.

आणि मग तार

आता आमच्या ब्रँचचा भाग! ज्या १८३९ मध्ये भांगेचा निबंध आला, त्याच वर्षी ओशॉनेसीने कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बांबूंवर मैलोन् मैल तार ओढून विजेने संदेश पाठवून पाहिले. सरकारने तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. १८४१ मध्ये तो इंग्लंडला गेला, जाताना हेम्प घेऊन गेला. लंडनचे औषधवाले पीटर स्क्वायर ह्यांनी त्याचा अर्क बनवला आणि भांग युरोपच्या दवाखान्यांत पोचली. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८४४ ला परत भारतात.

पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला तार उभारायला सांगितलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन सुरू झाली. त्याच्याबरोबर शिवचंद्र नंदी हा बंगाली साहाय्यक होता, त्याचं नावही आपण लक्षात ठेवायला हवं. इथल्या अडचणी विलायतेच्या पुस्तकात नव्हत्या. वाळवी खांब खाते, माकडं तारेला लोंबकळतात, पाऊस, वीज... ओशॉनेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली, म्हणजे वर माकडांची वरात बसली तरी चालेल! १८५२ मध्ये तो तारखात्याचा प्रमुख झाला. २४ मार्च १८५४ ला आग्र्याहून कलकत्त्याला, म्हणजे सुमारे ८०० मैलांवर, पहिला संदेश गेला. १८५५ मध्ये तार लोकांसाठी खुली झाली आणि आपली मुंबईही आग्रा, कलकत्ता आणि मद्रासला जोडली गेली. १८५६ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि हीच तार इंग्रजांच्या कामी आली. म्हणजे तारसुद्धा भांगेसारखीच, कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं.

१८६० मध्ये त्याने भारत सोडला. नंतर नावसुद्धा बदलून सर विल्यम ओशॉनेसी ब्रुक असं केलं आणि ८ जानेवारी १८८९ ला इंग्लंडमध्ये साउथसीला त्याचं निधन झालं.

त्याच्या औषधाचं पुढे काय झालं? मागे पडलं. अर्काची प्रत्येक बाटली वेगळी, कधी पाणचट, कधी जहाल. पाण्यात विरघळत नाही म्हणून इंजेक्शनही देता येईना, मॉर्फिनचं मात्र देता यायचं. शेवटी १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून ते काढलंच. पण २०१८ मध्ये तिथेच, मुलांच्या दोन गंभीर प्रकारच्या फिट्सवर, ह्याच झाडातल्या सीबीडी ह्या नशा न आणणाऱ्या द्रव्याच्या औषधाला मान्यता मिळाली. त्या चाळीस दिवसांच्या मुलीनंतर १७९ वर्षांनी! मधल्या काळात झाड बदललं नाही, मोजमाप बदललं. कॅनडात २०१९ पासून गांजाची पेयं कायदेशीर झाली, पण एका पॅकमध्ये १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी चालत नाही, आणि तो आकडा वर छापावाच लागतो.

मित्रांनो, भांग चांगली की वाईट, ह्यावर आपल्याकडे वाद घालणारे खूप आहेत. ओशॉनेसीने वाद घातला नाही, वजन केलं, घड्याळ लावलं आणि जे दिसलं ते लिहिलं. आपण इंजिनीअर होणार, आपल्याला तरी हे पटायला हवं. पुढच्या वेळी कोणी पेला पुढे केला, तर फक्त विचारा, ह्यात किती आहे? सांगता येत नसेल, तर पेला खाली ठेवा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन