घेणाऱ्याला उभे करणारी भेट : पंडिता रमाबाई

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरोघरी गोठ्याची, नेवऱ्या-कुलकुलांची आणि भेटवस्तूंची तयारी सुरू होते. कोणाला काय द्यायचे याची यादी करताना यंदा आपण पंडिता रमाबाईंची आठवण करू या. त्या कॅथलिक नव्हत्या. पण दिलेल्या दानाचे पुढे काय होते, हे आपण त्यांच्याकडून शिकू शकतो.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. स्त्रियांना शिकवू नये अशा त्या काळात वडील अनंतशास्त्री यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी गावोगाव पायी फिरले. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदी विधवांची स्थिती लोकांना सांगितली, त्यावर पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. सभासदांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन दिले. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे होणे सोपे असते; पण मुलींना दुसऱ्या वर्षीही जेवण आणि शिक्षण लागते, हे त्यांनी ओळखले.

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये आपल्याच जिल्ह्यातील देवरुखच्या बालविधवा गोदूबाई जोशी होत्या. १८९३ मध्ये त्यांचा विवाह मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या विवाहामुळे गावाने बहिष्कार घातला, तरी पतीच्या विधवाश्रमासाठी त्यांनी मनापासून कष्ट घेतले. सातासमुद्रापलीकडची वर्गणी अशी आपल्या कोकणातल्या एका लेकीपर्यंत पोहोचली आणि तिच्यामार्फत आणखी कितीतरी जणींपर्यंत.

त्याच वर्षी सदनावर धर्मांतराचा आरोप झाला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या बाईंना भूक म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे नुसते अन्नवस्त्र देऊन बाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, शिवण आणि छपाई शिकवून त्यांनी मुलींना मिळवत्या केले. हिब्रू व ग्रीक भाषांतून बाईंनी मराठीत केलेल्या बायबलच्या छपाईसाठी खिळे जुळवण्याचे कामही तेथील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूघरी गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आता आपली यादी पुन्हा एकदा पाहू या. दोन दिवसांत मोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्याऐवजी जवळच्या बचत गटातील बायांनी केलेले कोकम, काजूगर, फणसपोळी का घेऊ नये? घासाघीस न करता त्यांच्या कष्टाचा पुरता दाम देऊ या. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एखाद्या मुलीची फी भरली, तर ती या एका वर्षापुरती न ठेवता तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत भरू या. आणि ज्याला देऊ, त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागणार नाही, एवढी काळजी घेऊ या. गोठ्यात जन्मलेल्या बाळ येशूला आपल्याकडून हीच भेट आवडेल.