के जीवनसत्त्वाचे जनक हेन्रिक डाम

बाळ जन्मताच त्याच्या मांडीत एक लहानसे इंजेक्शन दिले जाते. ते के जीवनसत्त्वाचे असते. नवजात अर्भकाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अत्यल्प असल्याने प्राणघातक रक्तस्रावाचा धोका संभवतो. तो टाळता येतो, याचे श्रेय डेन्मार्कचे जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांच्या संशोधनाला जाते.

डाम यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९५ रोजी कोपनहेगन येथे झाला. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर ते तेथील विद्यापीठात संशोधन करू लागले. कोंबडीची पिल्ले शरीरात कोलेस्टेरॉल स्वतः तयार करू शकतात काय, हे पाहण्यासाठी त्यांनी पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य दिले. तेव्हा काही पिल्लांच्या त्वचेखाली व स्नायूंत रक्तस्राव झालेला आढळला. त्यांचे रक्त गोठण्यासही विलंब लागत होता. कोलेस्टेरॉल देऊन उपयोग झाला नाही. स्कर्व्हीच्या शंकेने दिलेले क जीवनसत्त्वही निष्फळ ठरले. अ, ड आणि ई ही मेदविद्राव्य जीवनसत्त्वेही कामी आली नाहीत. हिरवी पाने व डुकराचे यकृत यांनी मात्र पिल्ले वाचली.

यावरून १९३५ मध्ये डाम यांनी नव्या मेदविद्राव्य जीवनसत्त्वाची घोषणा केली. रक्त गोठण्यासाठी डॅनिश व जर्मन भाषांत असलेल्या शब्दाचे आद्याक्षर के. तेच नाव रूढ झाले. १९३९ मध्ये पॉल कॅरर यांच्या सहकार्याने त्यांनी ते लसूणघासातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पित्तमार्ग बंद झाल्याने कावीळ झालेल्या रुग्णांत हे जीवनसत्त्व आतड्यातून शोषले जात नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेत होणाऱ्या रक्तस्रावावर आता उपाय सापडला.

१९४० मध्ये डाम अमेरिकेत व्याख्याने देत असताना जर्मनीने डेन्मार्क व्यापले. त्यांना परदेशातच राहावे लागले. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना एडवर्ड डॉइझी यांच्यासमवेत मिळाले, तेही या काळातच. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये ते मायदेशी परतले.

के जीवनसत्त्व नेमके करते काय, हे कोडे १९७४ मध्ये सुटले. यकृतात बनणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला कॅल्शियम धरून ठेवण्याची क्षमता त्याच्यामुळे येते. मगच त्यापासून गुठळी घडविणारे थ्रॉम्बिन हे विकर योग्य जागी तयार होते. रक्ताच्या अनावश्यक गुठळ्या रोखणारे वॉरफरिन हे औषध नेमकी हीच साखळी मंदावते. पिल्लांच्या रक्तस्रावामागील कारणाचा हा उलगडा डाम यांच्या हयातीतच झाला. १७ एप्रिल १९७६ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.