मेरी ॲनिंग: समुद्री महाकाय प्राणी शोधले, पण श्रेय दुसऱ्यांनाच मिळालं

इंग्लंडमधल्या लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावात १७९९ साली मेरी ॲनिंग यांचा जन्म झाला. वडील सुतार होते आणि कड्यांमध्ये सापडणारे जीवाश्म पर्यटकांना विकायचे. १८१० मध्ये ते वारले. मागे राहिलं ते कर्ज आणि हा जोडधंदा.

पुढच्याच वर्षी भाऊ जोसेफला एक भलीमोठी कवटी सापडली. उरलेला सांगाडा १८१२ मध्ये छोट्या मेरीने शोधला. तो होता इक्थिओसॉर. दिसायला माशासारखा, पण सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी.

१८२३ मध्ये मेरी यांना प्लेसिओसॉरचा जवळपास पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब होती, की ख्यातनाम फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांना तो बनावट वाटला. नंतर त्यांनी चूक मान्य केली. पण लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनिबेअर यांनी या सांगाड्याची माहिती मांडली, तेव्हा मेरी यांचं नावही घेतलं नाही.

काम जिवावरचं होतं. १८३३ मध्ये दरड कोसळली, त्यात त्यांचा कुत्रा ट्रे गेला आणि त्या थोडक्यात बचावल्या.

१८४७ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्या सोसायटीचं सदस्यत्व महिलांना मिळू लागलं, ते थेट १९१९ मध्ये.