एक्सप्लेनर : लाखमोलाचं यीस्ट फुकट वाटणारे याकोबसेन कोण होते?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅसवर बिअर शिजवणाऱ्या हौशी लोकांची कमी नाही. ही मंडळी दुकानातून लॅगर यीस्टचं एक छोटं पाकीट आणतात, फोडतात आणि गार केलेल्या रसात टाकतात. इतकं सोपं काम. पण ते सोपं होण्यामागे १९ व्या शतकातला एक डॅनिश माणूस आहे. त्यांचं नाव जेकब ख्रिश्चन याकोबसेन, म्हणजेच ‘कार्ल्सबर्ग’चे संस्थापक. शुद्ध यीस्टचं तंत्र त्यांना तिजोरीत ठेवता आलं असतं. त्यांनी ते वाटून टाकलं. याच याकोबसेन यांचं स्वतःच्या मुलाशी मात्र पटलं नाही. काय आहे ही गोष्ट? समजून घेऊ.

यीस्ट एवढं महत्त्वाचं का?

बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतं. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. हा गोड रस हॉप्स घालून उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. शेवटी बाटलीत भरताना लिटरला ५ ते ७ ग्रॅम साखर घालतात. त्यामुळे बंद बाटलीत गॅस तयार होऊन फेस येतो. साखर जास्त पडली तर बाटली फुटूही शकते.

थोडक्यात, यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. विरजण चांगलं नसेल तर दूध कितीही चांगलं असलं तरी दही बिघडतं. बिअरचंही तसंच आहे.

आईच्या हंड्यातले प्रयोग

याकोबसेन यांचा जन्म १८११ मध्ये कोपनहेगनमध्ये झाला. वडिलांची छोटी ब्रुअरी होती. विजेचा प्रवाह होकायंत्राची सुई हलवतो, हे दाखवणाऱ्या ओरस्टेड यांची व्याख्यानं तरुण याकोबसेन यांनी ऐकली होती. बिअर अंदाजाने नाही, विज्ञानाने बनवायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १८३५ मध्ये वडील गेले आणि धंदा त्यांच्याकडे आला.

तेव्हा डेन्मार्कमध्ये मिळणारी बिअर गढूळ असायची आणि लवकर आंबायची. जर्मनीतल्या बव्हेरियात मात्र वेगळी पद्धत होती. तिथलं यीस्ट भांड्याच्या तळाशी बसून ८ ते १२ अंशांच्या थंडीत काम करायचं. मग ती बिअर अनेक आठवडे थंड तळघरात ठेवायचे. ‘लॅगर’ या शब्दाचं मूळच साठवणे या अर्थाच्या जर्मन शब्दात आहे. ही बिअर स्वच्छ असायची आणि टिकायची.

अशी बिअर बनवण्याचे याकोबसेन यांचे पहिले प्रयोग झाले ते घरीच, आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात. आजच्या हौशी मंडळींची सुरुवातही याहून फार वेगळी नसते.

टोपीच्या डब्यातलं यीस्ट

खरी अडचण यीस्टची होती. त्यासाठी याकोबसेन म्युनिकला गेले. तिथल्या श्पाटेन ब्रुअरीचे गॅब्रिएल झेडलमायर यांनी त्यांना शिकवलं आणि १८४५ मध्ये यीस्टही दिलं. रेल्वेचं जाळं तेव्हा अर्धवट होतं. घोडागाडीच्या प्रवासात यीस्ट तापून मेलं असतं तर सगळी खटपट वाया गेली असती. याकोबसेन यांनी यीस्टचे डबे आपल्या टोपीच्या पेटीत ठेवले आणि गाडी थांबेल तिथे उतरून त्यांच्यावर थंड पाणी ओतलं, अशी हकीकत सांगितली जाते. यीस्ट जिवंत पोहोचलं.

१८४७ मध्ये त्यांनी कोपनहेगनबाहेर एका टेकडीवर नवी ब्रुअरी उभारली. नाव ठेवलं कार्ल्सबर्ग. कार्ल हा त्यांचा ५ वर्षांचा मुलगा आणि ‘बर्ग’ म्हणजे टेकडी.

मुलाचं नाव दिलं, पण ब्रुअरी नाही

कार्ल मोठा झाला. १८७१ मध्ये वडिलांनी त्याला शेजारची ब्रुअरी चालवायला दिली. इथे ठिणगी पडली. बिअर दीर्घकाळ साठवलीच पाहिजे, उत्पादन कमी झालं तरी चालेल, हा वडिलांचा आग्रह. मागणी आहे तर लवकर आणि जास्त बनवू, हे मुलाचं गणित. वाद एवढा वाढला की कार्लने वेगळी ब्रुअरी उभारली. दोन्ही ब्रुअरींमधल्या रस्त्याला बाप-लेकांनी वेगवेगळ्या नावांच्या पाट्या लावल्या.

याकोबसेन यांनी १८७५ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि १८७६ मध्ये कार्ल्सबर्ग फाउंडेशन सुरू केलं होतं. फाउंडेशनचे विश्वस्त डेन्मार्कची विज्ञान अकादमी निवडणार, असा नियम केला. पुढे त्यांनी आपली ब्रुअरीही मुलाऐवजी याच फाउंडेशनच्या नावे केली.

१८८३ : बिअर बिघडली आणि उत्तर सापडलं

याच काळात कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली. चव कडवट, वास नकोसा. तेव्हा सगळेच ब्रुअर आधीच्या घाण्यातलं यीस्ट पुढच्या घाण्याला वापरत. प्रयोगशाळेतले एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी शोधून काढलं की या यीस्टमध्ये जंगली जाती मिसळल्या आहेत. त्यांनी यीस्ट पाण्यात इतकं पातळ केलं की एका थेंबात एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्गमध्ये ते वापरात आलं. बिअर सुधारली.

आता प्रश्न होता, हे गुपित ठेवायचं का? प्रतिस्पर्ध्यांची बिअर बिघडत राहिली असती तर फायदा कार्ल्सबर्गचाच होता. पण महत्त्वाचं कोणतंही संशोधन लपवायचं नाही, हा प्रयोगशाळेचा नियम याकोबसेन यांनीच घातला होता. त्यांनी तो पाळला. पद्धत प्रसिद्ध झाली आणि शुद्ध यीस्ट इतर ब्रुअरींनाही दिलं गेलं. त्यात म्युनिकचे झेडलमायरही होते. विरजण जिथून आणलं, तिथे ते आणखी शुद्ध होऊन परत गेलं.

पुढे काय झालं?

१८८६ मध्ये बाप-लेकांचा समेट झाला. पण एकत्र काढायला फार दिवस उरले नव्हते. ३० एप्रिल १८८७ रोजी याकोबसेन यांचं रोममध्ये निधन झालं. कार्लने नंतर स्वतःची ब्रुअरीही फाउंडेशनलाच दिली आणि १९०६ मध्ये दोन्ही ब्रुअरी एक झाल्या. कंपनीतले बहुसंख्य मताधिकार आजही फाउंडेशनकडे आहेत आणि नफ्यातला वाटा विज्ञानाला जातो.

त्या प्रयोगशाळेशी आपलाही संबंध आहे. अन्नातलं प्रोटीन मोजायची केल्डाल पद्धत १८८३ मध्ये तिथेच तयार झाली. शाळेत लिटमस पेपरसोबत शिकलेली पीएच संकल्पना तिथल्याच सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली.

भारतात घरी बिअर बनवता येते का?

ब्रिटनने घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरतं बनवलं तरीही. त्यामुळे परदेशातले व्हिडीओ पाहून हा प्रयोग घरी करायला जाऊ नका. घरात विरजण लावायचंच असेल, तर दह्याला परवाना लागत नाही.