ध्वनीला दृश्यरूप देणारे क्लाडनी

आवाज ऐकायचा असतो, पाहायचा नव्हे, असा आपला समज. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन संशोधकाने तो खोटा ठरविला. त्यांचे नाव अर्न्स्ट क्लाडनी. ध्वनिशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

क्लाडनी यांचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी विटेनबर्ग येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक आणि स्वभावाने करडे. त्यांच्या आग्रहाखातर मुलाने लाइपझिगला कायद्याची पदवी घेतली, पण मन संगीतात आणि विज्ञानात गुंतलेले. १७८२ मध्ये वडील निवर्तले आणि क्लाडनी यांनी वकिलीकडे पाठ फिरविली. हाती पैसा नव्हता, विद्यापीठात जागाही नव्हती.

धातूच्या किंवा काचेच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा, हा त्यांचा प्रयोग. पत्रा नाद देऊ लागला की थरथरणाऱ्या भागावरची वाळू उडून स्थिर रेषांवर गोळा होई आणि रांगोळीसारखी सुबक आकृती उमटे. स्वर बदलला की आकृतीही बदले. ध्वनी म्हणजे वस्तूचे कंपन, हे त्यातून उघड दिसले. १७८७ मध्ये त्यांनी या आकृत्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

हे कंपन आपल्यापर्यंत पोहोचते ते माध्यमातून. हवेचे कण स्वतः प्रवास करीत नाहीत. जागच्या जागी पुढेमागे हलून ते शेजारच्या कणांना धक्का देतात. दाट आणि विरळ थरांची ही लाट खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावते. निर्वात पोकळीत धक्का देण्यासाठी कणच नसल्याने तिथे ध्वनी पोहोचत नाही. घन पदार्थांतील वेग मोजण्यासाठी क्लाडनी यांनी साधी युक्ती योजिली. सळई लांबीच्या दिशेने घासायची आणि तिचा स्वर तेवढ्याच लांबीच्या हवेच्या नळीच्या स्वराशी ताडून पाहायचा. स्वर जितका उंच, तितका लाटेचा वेग अधिक. लोखंडाच्या सळईत ध्वनी हवेच्या जवळपास पंधरापट वेगाने जातो.

पोटापाण्यासाठी ते युरोपभर फिरून प्रयोग दाखवीत. १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियनने हे प्रयोग पाहिले आणि त्यांच्या ग्रंथाच्या फ्रेंच अनुवादासाठी ६ हजार फ्रँक दिले. आकृत्यांमागील गणित उलगडण्यासाठी पारितोषिकही जाहीर झाले. ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या विदुषीने पटकाविले. उल्का अवकाशातून येतात, हे क्लाडनी यांचे १७९४ मधील मतही आधी हसण्यावारी नेले गेले, पुढे खरे ठरले.

३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील पद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. पण त्यांची पद्धत टिकली. मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू पसरून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तालवाद्यांच्या नादाचा शोध घेतला, तो याच वाटेने.