गॉटफ्रीड फॉन क्राम

विंबल्डनच्या अंतिम सामन्यात लागोपाठ तीन वर्षे हरलेला खेळाडू, अशी गॉटफ्रीड फॉन क्रामची नोंद टेनिसच्या इतिहासात सापडते. १९३५ व १९३६ मध्ये त्याला इंग्लंडच्या फ्रेड पेरीने हरविले, तर १९३७ मध्ये अमेरिकेच्या डॉन बज्‌ने. नोंद खरी आहे. पण तिच्यावरून माणूस कळत नाही.

त्याचा जन्म ७ जुलै १९०९ रोजी जर्मनीतील नेटलिंगेन या गावी एका सरदार घराण्यात झाला. लहानपणी घोडा चावल्याने उजव्या तर्जनीचे टोक गेले, तरी रॅकेट त्याने त्याच हाती धरली. १९३४ मध्ये क्रॉफर्डला आणि १९३६ मध्ये पेरीला नमवून त्याने फ्रेंच अजिंक्यपद मिळविले.

१९३५ च्या डेव्हिस चषक स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध दुहेरीचा सामना चालू होता. निर्णायक गुण जर्मनीच्या पदरात पडला, असे सर्वांनाच वाटले. पण जोडीदाराने चेंडू मारण्यापूर्वी तो आपल्या रॅकेटला निसटता लागला होता, हे क्रामने स्वतः पंचांना सांगितले. कोणाच्याही लक्षात न आलेली ती गोष्ट! गुण गेला, पुढे सामनाही गेला आणि स्वदेशीयांचा रोष मात्र पदरी आला.

दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, याच स्पर्धेत त्याची बज्‌शी गाठ पडली. पहिले दोन सेट त्याने जिंकले. पाचव्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडीही घेतली. शेवटी ८-६ असा तो सेट बज्‌ने जिंकला.

हिटलरच्या राजवटीला हा देखणा, सोनेरी केसांचा उमराव जाहिरातीसाठी हवा होता. क्राम मात्र नाझी पक्षात कधीच गेला नाही. मार्च १९३८ मध्ये, परदेश दौऱ्यावरून परतताच, त्याला अटक झाली. एका ज्यू तरुण नटाशी समलिंगी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. सुटकेसाठी बज्‌ने अमेरिकन खेळाडूंच्या सह्यांचे पत्र हिटलरला धाडले. कालचा प्रतिस्पर्धी असा धावून आला. ऑक्टोबरात क्राम सुटला. १९३९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर त्याने रिग्ज्‌ला ६-०, ६-१ असे धुऊन काढले. त्याच रिग्ज्‌ने काही दिवसांतच विंबल्डन जिंकले. क्राम मात्र त्या स्पर्धेत नव्हता.

मग युद्ध आले. क्रामला रशियन आघाडीवर धाडण्यात आले. तेथील थंडीत त्याचे पाय गारठून जायबंदी झाले. त्याचा दुहेरीतील जोडीदार हेन्कल १९४३ च्या जानेवारीत त्याच आघाडीवर मारला गेला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९४८ व १९४९ मध्ये, तो पुन्हा जर्मन विजेता झाला आणि १९५३ पर्यंत डेव्हिस चषकासाठी खेळत राहिला. पुढे कापसाच्या व्यापारानिमित्त त्याच्या इजिप्तला खेपा होत. ८ नोव्हेंबर १९७६ रोजी कैरोजवळ मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. ज्या कलमाखाली त्याला शिक्षा झाली होती, ते १९९४ मध्ये जर्मन कायद्यातून गेले. त्या कलमाखाली नाझी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा रद्द व्हायला मात्र २००२ साल उजाडावे लागले.