डॉ. पॉल ब्रँड : वेदनेचं मोल ओळखणारे डॉक्टर



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अनवाणी पाय नवे नाहीत. शिर्डीला पायी येणारे भक्त, शनिशिंगणापूरला भर दुपारी तापलेल्या फरशीवरून दर्शनाला जाणारी माणसं, रात्री उसाला दारं धरणारे शेतकरी, सगळे आपण रोज पाहतो. काटा मोडला की माणूस थांबतो, काटा काढतो आणि पुढे चालू लागतो. पण काटा मोडलेला कळलाच नाही तर?

वर्गात सहज विचारून पाहा, कोणाच्या घरी शुगर आहे? बरीच बोटं वर होतील. मधुमेह बरीच वर्षं राहिला की अनेकांच्या पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल निसटते, कळत नाही. खडा टोचतो, कळत नाही. मग तळपायाला जखम होते, ती चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय कापायची वेळ येते. अशा जखमा का होतात आणि कशा भरतात, हे जगाला समजावण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. पॉल ब्रँड यांचा आज परिचय करून घेऊ. त्यांनी सुरुवात मधुमेहापासून केली नाही, कुष्ठरोगापासून केली.

बालपण

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. आईवडील, एव्हलिन आणि जेसी, इंग्रज मिशनरी होते. घरात वीज नव्हती, जवळपास डॉक्टर नव्हता. आजारी माणसं दारात येत आणि वडील जमेल तशी मलमपट्टी करत. कुष्ठरोगी आले की मुलांना लांब ठेवलं जाई. ती भीती लहानग्या पॉलच्या मनात बसली.

नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं गेलं. १९२९ मध्ये वडील तापाने वारले, मुलाची आणि त्यांची पुन्हा भेट झालीच नाही. आई मात्र म्हातारपणापर्यंत डोंगरातल्या गावांमध्येच काम करत राहिली.

गवंडीकाम आणि डॉक्टरी

पॉल आधी डॉक्टर झाले नाहीत, ते बांधकाम शिकले. सुतारकाम, दगडकाम, विटांचं काम सगळं हाताने केलं. भारतात जाऊन घरं बांधायची असा विचार होता. नंतर वैद्यकाचा एक छोटा अभ्यासक्रम केला, त्यात मन रमलं आणि ते लंडनला डॉक्टरी शिकू लागले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना त्यांनी जखमी लोकांवर शस्त्रक्रिया केल्या. तिथेच सोबत शिकणाऱ्या मार्गारेट यांच्याशी १९४३ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे त्या कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांच्या तज्ज्ञ झाल्या.

पालकहो, गवंडीकामाची ती वर्षं वाया गेली नाहीत. भार कुठे पडतो आणि तो कसा वाटून द्यायचा, हे भिंती बांधताना शिकावंच लागतं. पुढे पायाच्या जखमांबाबत त्यांनी हाच विचार केला.

एका हाताची पकड

१९४६ च्या अखेरीस ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला आले. काही दिवसांनी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचं कुष्ठधाम दाखवलं. तिथे एका रुग्णाची बोटं आत वळून पंजासारखी झाली होती. ब्रँड यांनी त्याला आपला हात दाबायला सांगितलं. हातात काही जोर नसेल असं वाटलं होतं, पण पकड इतकी घट्ट होती की ब्रँड यांनाच कळ आली. म्हणजे हाताचे सगळे स्नायू मेलेले नव्हते! चांगल्या स्नायूची शिर दुसरीकडे जोडली तर बोटं उघडतील, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षभरात अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि वाकडे हात पुन्हा कामाला लागले.

जखमा येतात कुठून?

त्या काळी बहुतेकांना वाटे, डॉक्टरांनासुद्धा, की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं आपोआप झडतात. एकदा मांस खराब झालं की जखम भरणारच नाही, असाही समज होता. ब्रँड यांना तो पटला नाही. हात सुधारलेल्या मुलांसाठी त्यांनी वेल्लोरला एक छोटी वस्ती वसवली आणि तिथे सुतारकाम शिकवायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक जखमेची चौकशी होऊ लागली. ही कधी झाली? कशाने झाली?

उत्तरं साधी निघाली. कोणी गरम भांडं उचललं होतं. कोणी हातोड्याच्या दांड्यातला खिळा तळहातात रुतलेला असताना काम करत राहिला होता. एका मुलाने गंजलेलं कुलूप जोर लावून उघडलं आणि बोट हाडापर्यंत कापलं, तरी त्याला पत्ता नव्हता. काहींची बोटं रात्री झोपेत उंदरांनी कुरतडली होती! मग वस्तीत मांजरं पाळली गेली. काळजी घेतली तशा जखमा कमी झाल्या, झालेल्या जखमाही चांगल्या भरू लागल्या. मांसात दोष नव्हता. नसा बधिर झाल्या होत्या, दुखणं कळत नव्हतं आणि माणूस जखमेवर जखम करून घेत होता.

प्लास्टरची युक्ती

पायाचं दुखणं अधिक अवघड. रुग्णाला खाटेवर झोपवलं की तळपायाची जखम भरायची, तो चालू लागला की पुन्हा उघडायची. तुमच्या-माझ्या पायाला जखम असली की आपण लंगडतो. लंगडणं म्हणजे जखमेवरचा भार काढून घेणं. बधिर पायाचा माणूस लंगडतच नाही.

आपल्या देशात डॉ. जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकात कुष्ठरुग्णांच्या अशा जखमांना प्लास्टर घालून पाहिलं होतं. श्रीलंकेतल्या डॉ. मिलरॉय पॉल यांनीही ते केलं. ब्रँड यांनी ही पद्धत वेल्लोरला आणि कारीगिरीच्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात काळजीपूर्वक वापरली. पावलाच्या आकाराला बरोबर चिकटून बसेल असं प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत घालायचं. त्यामुळे एका जागी पडणारा भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो. माणूस चालतो आणि जखमही भरते. जखम भरल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून मऊ रबराच्या चपला तयार केल्या. त्यासाठी किती तरी वस्तू वापरून पाहिल्या, फेकून दिल्या, पुन्हा केल्या.

टाचणीची रात्र

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेहून इंग्लंडला परतल्यावर एका रात्री त्यांना आपली टाच बधिर वाटली. टाचणी टोचली तरी कळेना. आपल्यालाच कुष्ठरोग झाला, घर सुटलं, काम सुटलं, अशा विचारांत रात्र गेली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते कळवळले! लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून नस दबली होती, एवढंच. त्या दिवसापासून वेदनेबद्दल त्यांना कृतज्ञता वाटू लागली. पुढे त्यांनी वेदनेवर पुस्तकही लिहिलं.

कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे वीस वर्षं राहिले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेहींच्या तळपायाच्या जखमा आपण भारतात पाहिल्या तशाच आहेत. शुगरमुळे पाय सडतो, असं तिथेही लोक धरून चालले होते. खरं तर बहुतेक जखमांची सुरुवात बधिर पायावरच्या दाबातून होत होती. अर्थात मधुमेहात रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो आणि जंतुसंसर्ग लवकर वाढतो, म्हणून उशीर चालत नाही.

कारव्हिलमध्ये पावलाचं तापमान मोजलं जाई. जिथे दाब जास्त तिथे जखम होण्याआधी जागा गरम होते, हे दिसलं. १९८६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा साधा धागा तळपायाला लावून धोक्यातला पाय ओळखता येतो. आज मधुमेहाच्या दवाखान्यात हाच धागा वापरतात.

यंत्राने वेदना तयार करण्याचा प्रयत्नही ब्रँड यांनी केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रं बसवली. दाब वाढला की आवाज, नंतर विजेचा झटका. पण काम अडलं की रुग्ण यंत्र बंद करत. वेदना बंद करता येत नाही, म्हणूनच ती राखण करते.

पुढच्या संशोधनानेही हेच दाखवलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींच्या तळपायाच्या जखमांसाठी तीन उपाय तपासले. १२ आठवड्यांत प्लास्टर घातलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटात ६५ टक्के आणि अर्ध्या चपलेत ५८ टक्के. नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, काढता येणारा बूट दिलेले रुग्ण दिवसातल्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलंच तो घालून टाकत होते. दुखत नाही, मग कोण घालणार? हे प्लास्टर मात्र प्रशिक्षित डॉक्टरांनीच घालायचं. रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत पू असेल तर ते चालत नाही.

ब्रँड यांना १९६० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ८ जुलै २००३ रोजी सिएटल येथे त्यांचं निधन झालं.

वर्गात आणि घरी काय कराल?

विज्ञानाच्या तासाला चेतासंस्था शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. मुलांना एक प्रयोग द्या. ओल्या पायाने फरशीवर किंवा कागदावर ठसा उमटवायचा आणि टाच व चवडा कुठे टेकतात ते पाहायचं. भार कुठे पडतो हे त्यांना आपोआप समजेल.

आणि घरचा अभ्यास हा द्या :

१. घरात कोणाला शुगर असेल तर रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय बघायचे. बोटांच्या मधली जागा, भेगा, घट्टे, फोड, लाल किंवा गरम जागा.
२. चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा आहे का ते पाहायचं.
३. आजी-आजोबांना घरातसुद्धा अनवाणी चालू द्यायचं नाही. देवळात जाताना ऊन उतरल्यावर न्यायचं आणि तिथे चालतील असे मोजे घालायचे.
४. पाय शेकायचा नाही, घट्टा ब्लेडने कापायचा नाही, जखमेवर हळद-चुना भरून वाट बघत बसायचं नाही. छोटी जखमही दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

शिक्षक मित्रहो, नातवंडं वाकून नमस्कार करतातच. त्याच वेळी पायाकडे नीट पाहायला शिकवलं, तर एखाद्या घरातला पाय वाचेल. जे दुखणं आजोबांना कळत नाही, ते नातवाच्या डोळ्यांना दिसू शकतं.